ख्यालापलीकडचंही मोकळेपणानं सांगू या

कुमार गंधर्वांनी लता मंगेशकरांच्या गाण्यावर एक लेख लिहिला आहे. आजारी असताना त्यांनी सहज रेडिओ लावला, एक आवाज कानी पडला आणि थेट काळजाला भिडला. गाणं संपल्यावर नाव कळलं, तेव्हा लताबाईंचे वडील दीनानाथ यांच्या गायकीशी त्याचं नातं त्यांच्या मनात जुळलं. लेखाची सुरुवात अशी आहे, पण तो नुसता कौतुकाचा लेख नाही. चित्रपटसंगीतानं लोकांचे कान बिघडवले, हा आरोप कुमारजी साफ फेटाळतात. त्या संगीतामुळे सामान्य माणसाला सुराची समज आली, असं ठामपणे म्हणतात. शास्त्रीय गायकांच्या आत्मसंतुष्टपणावर बोट ठेवतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्याला तीन तासांच्या मैफलीच्या तोडीचं मोल असू शकतं, हे मान्य करतात. आणि करुण रसाला लताबाईंनी पुरेसा न्याय दिलेला नाही, हेही स्पष्ट लिहितात.

मला तो लेख महत्त्वाचा वाटतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे. इतक्या मोठ्या गायकानं चित्रपटगीत ऐकलं, ते आवडल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि मग ख्यालाला जी कसोटी लावतो तीच त्यालाही लावली. दुर्लक्ष केलं नाही आणि सूटही दिली नाही. आपण शास्त्रीय संगीताचे रसिक म्हणवणारे लोक एवढं करतो का? माझ्या अनुभवाप्रमाणे करत नाही. आपण ऐकतो पुष्कळ, पण चारचौघांत बोलतो फक्त रागसंगीताबद्दल. बाकीचं सगळं घरात, गाडीत, हेडफोनमध्ये राहतं. माझं म्हणणं असं की, ते बाहेर काढलं पाहिजे. ख्यालापलीकडे आपण काय ऐकतो ते एकमेकांना सांगितलं पाहिजे, ऐकवलं पाहिजे आणि ख्यालाइतक्याच बारकाईनं त्यावर बोललं पाहिजे. यात रसिकाचा फायदा आहे, ख्यालाचाही आहे. पण सर्वांत मोठा फायदा त्या दुसऱ्या संगीताचा आहे, आणि तो त्याच्या हक्काचा आहे.

मी मिरजेची. किराणा घराण्याचं गाणं शिकले, आता काही मुलींना शिकवते. मिरजेत वाढलेल्या माणसाला अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव वेगळं शिकवावं लागत नाही. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे होणारं गाणं ऐकतच आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्यामुळे माझी निष्ठा कुठे आहे, याबद्दल कुणाला शंका नसावी. सकाळी तानपुरा लावल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. पण दिवसभर मी आणखीही बरंच ऐकते. ते काय, हे सांगायची सुरुवात मीच करते.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांच्या (१९१५–२०१८) बैठकीच्या लावण्या मी पुन्हा पुन्हा ऐकते. बैठकीची लावणी बसून गायची. सोबतीला पेटी आणि ढोलकी किंवा तबला. नाच नाही, म्हणून सगळी अदा गळ्यात, डोळ्यांत आणि हातांत. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा ती तक्रार असते, दुसऱ्यांदा आर्जव होते, तिसऱ्यांदा त्याच शब्दांत रुसवा दिसतो आणि चौथ्यांदा बाई एक शब्द अर्ध्यावर सोडून समोर बघतात. उरलेलं ऐकणाऱ्यानं भरून घ्यायचं. ठुमरीत बोलबनाव म्हणून आपण ज्याला दाद देतो, ते हेच काम आहे. उतारवयातल्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा आवाज थकलेला आहे, पण शब्द कुठे ठेवायचा आणि कुठे काढून घ्यायचा याची जाण तसूभरही कमी झालेली नाही. माझ्या विद्यार्थिनींना ठुमरी शिकवण्याआधी मी आता ही लावणी ऐकवते. शब्दाला स्वरानं अर्थ द्यायचा म्हणजे काय, ते त्यांना तासाभराच्या व्याख्यानापेक्षा लवकर कळतं.

गोव्याची लॉर्ना मी ऐकते. ख्रिस पेरी यांनी संगीत दिलेली तिची कोंकणी गाणी गोव्यात घरोघरी माहीत आहेत; त्या दोघांच्या संगीतावर आधारलेला ‘नाचुं-या कुंपासार’ हा चित्रपटही येऊन गेला. आपल्या गळ्याला मींडेची सवय. एका सुरावरून दुसऱ्यावर आपण वाट आखत जातो. लॉर्ना सुरावर थेट उतरते, पायरी चुकत नाही, आणि मग ओळीच्या शेवटी सूर किंचित वाकवते. मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन उत्तरं देत असतात. ही सवालजवाबाची जागा आपल्याला परकी वाटू नये. ती जॅझच्या वाटेनं गोव्यात आली, एवढाच फरक.

प्रल्हाद शिंदे मी ऐकते. खुला, वरच्या पट्टीतला, कव्वालीत तयार झालेला गळा. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर त्यांची विठ्ठलाची गाणी लागतात, आणि चौदा एप्रिलला त्यांचीच भीमगीतं लागतात. एका आवाजानं महाराष्ट्राच्या इतक्या वेगवेगळ्या घरांत जागा मिळवली, अशी उदाहरणं फार नाहीत. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांची शाहिरी, एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात, ही सगळी माझ्या ऐकण्यातली माणसं आहेत. कडुबाईंचं गाणं मला एका विद्यार्थिनीनं आणून दिलं. ती परिचारिकेचं शिक्षण घेते. एकतारीच्या एका षड्जावर एवढं मोठं गाणं उभं राहतं, हे ऐकून आमच्या वर्गात तानपुऱ्याबद्दल जी चर्चा झाली, ती मला अजून पुरते.

आणि मी इजिप्तच्या उम्म कुलसूम ऐकते. अनेक वर्षं महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल कैरोहून रेडिओवर प्रक्षेपित व्हायची आणि सगळं अरबी जग त्या रात्री घरात बसून ऐकायचं. एकेक गाणं तासभर चालायचं. ओळ रंगली की श्रोते ओरडून ती पुन्हा मागायचे, आणि बाई ती पुन्हा म्हणायच्या, पण दर वेळी निराळी. त्यांच्या मकामांत आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसणारे स्वर आहेत. पहिल्यांदा ऐकताना कान अडखळतो. थोड्या दिवसांनी सरावतो, आणि मग आपल्याच तोडीचा अतिकोमल गंधार जास्त स्वच्छ ऐकू येऊ लागतो. हा माझ्या कानाचा अनुभव आहे.

हे सगळं ऐकणारी मी एकटी नाही. आमच्याकडे रविवारी काही रसिक जमतात. तिथे मी लावणीचा विषय काढला, तेव्हा एक तबलजी म्हणाले की रियाजाच्या आधी ते ढोलकीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतात, कारण लयीला धार येते. एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे कव्वालीच्या कॅसेटचा मोठा साठा निघाला. एका तरुण मुलीनं क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ साली गाजलेलं ‘तांबडी चामडी’ लावलं आणि ठाम चार मात्रांच्या ठोक्यावर मराठी बोल कुठे आधी पडतो, कुठे मुद्दाम उशिरा येतो, ते हाताने टाळी देऊन दाखवलं. ही माणसं कित्येक वर्षं एकत्र बसून मारवा आणि पूरियातला फरक उलगडत होती. हे बाकीचं ऐकणं मात्र प्रत्येकानं स्वतःपाशीच ठेवलं होतं.

हा संकोच आपल्या थोरांकडून आलेला नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीच्या चाली, कानडी मुलखातल्या चाली हे सगळं त्यांनी एका नाटकात नांदवलं. भास्करबुवा बखल्यांनी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतली, पुण्यात भारत गायन समाज उभा केला आणि १९१६ साली ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. ते नाटकाचं काम म्हणून त्यांनी हात राखून केलं नाही. आपल्याकडची उत्तमोत्तम बंदिशींची संपत्ती त्यात ओतली. ज्यांच्या नावानं मिरज ओळखली जाते त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदं ध्वनिमुद्रित केली आणि त्यागराजांची कृतीही गायली. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून एक मुलगा गाण्याच्या ध्यासानं घर सोडून निघाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला. ती तबकडी ख्यालाची नव्हती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कुमारजींचं तर बोलायलाच नको. १९४८ साली ते देवासला गेले. क्षयानं गाणं थांबलेलं. त्या सक्तीच्या शांततेत माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर येत राहिली. त्यांनी ती टिपून घेतली, अभ्यासली, पुढे मंचावर मांडली आणि त्या धुनांतून उगवलेल्या रागांना धुनउगम राग म्हटलं. लोकधुनेत राग बीजरूपात असतो, हे त्यांनी गाऊन सिद्ध केलं. शेजारच्या अंगणातलं गाणं ऐकण्यात कमीपणा मानला असता, तर मालवतीसारखा राग आपल्याला मिळाला नसता.

मग हा संकोच आला कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विष्णु दिगंबर पलुसकर आणि भातखंडे यांनी संगीत मध्यमवर्गीय घरांत आणलं, शाळा काढल्या, पुस्तकं छापली, मुलींना गाणं शिकता यावं अशी वाट केली. माझ्यासारखी मुलगी गाणं शिकली ती त्या कामामुळे, आणि ते ऋण मी मानते. पण गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देताना काही गाणं आणि काही माणसं उंबऱ्याबाहेर ठेवली गेली. कोठ्यावरची ठुमरी, फडावरची लावणी आणि ती गाणाऱ्या स्त्रिया यांच्याशी नातं सांगणं अवघड झालं. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई आणि मोगूबाई यांना स्वतःच्या मानासाठी जन्मभर किती ताठ राहावं लागलं, हे संगीतातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं गाणं आपण डोक्यावर घेतलं. ज्या परिसरातून तसं गाणं येतं त्या परिसराकडे मात्र पाठ केली. लावणी, शाहिरी, भीमगीत यांबद्दलच्या आपल्या मौनात जात आहे. हे नीट मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं ठरेल.

पुढे हा संकोच सरकारी धोरणातही उतरला. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मोठं स्थान दिलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, आणि संस्थानं गेल्यावर आधार सुटलेल्या कित्येक कलावंतांना नभोवाणीनं हात दिला. हे मोठं काम होतं. पण चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ दार बंद केलं. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर नेली. त्याच १९५२ मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी पोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. दार बंद केल्यानं ख्यालाचा श्रोता वाढला नाही. फक्त दोन श्रोते वेगळे झाले आणि एकाच माणसाच्या आत दोन कप्पे पडले.

आणि याच काळात, याच आकाशवाणीवर, पुणे केंद्रानं १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण प्रसारित केलं. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि गायकांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर. चाली रागांत बांधलेल्या, पण राग कुठेही मिरवला नाही. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. शास्त्रीय गळा आणि लोकांचं गाणं यांच्यातली भिंत त्या वर्षभर नव्हती, आणि त्यातून कुणाचंही सोवळं मोडलं नाही.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते मला तोंडावर ऐकवले गेले आहेत. पहिला आक्षेप पातळीचा. आमच्या रविवारच्या मंडळींतले एक ज्येष्ठ म्हणाले, “ताई, हे सुरू केलंत की पातळी घसरणार. आज लावणी, उद्या डीजे.” त्यांची काळजी खरी आहे आणि तिचा मी आदर करते. गणपतीत छातीत धडकी भरवणाऱ्या स्पीकरच्या भिंती मलाही नकोत. पण त्या भिंतींवर जे वाजतं त्यातलं बरं काय आणि वाईट काय, हे सांगणार कोण? ज्याचा कान तयार आहे तो गप्प बसला, तर मैदानात फक्त आवाज वाढवणारे उरतात. लावणीच्या नावाखाली आज मंचावर जे चालतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींत ना शब्द असतो ना अदा. हे ठासून सांगायला खरी लावणी ऐकलेला माणूस लागतो. पातळी तुलनेतून राखली जाते. तुलना करायची तर दोन्ही ऐकायला हवं.

दुसरा आक्षेप वेळेचा. ख्यालाला आधीच श्रोता कमी, त्यात वाटेकरी कशाला? माझा अनुभव उलट आहे. ज्या दिवशी आमच्या बैठकीत असं इतर ऐकणं होतं, त्या दिवशी नवी माणसं येतात. कॅसेटचा साठा असलेल्या मुख्याध्यापकांचा नातू आजोबांबरोबर कव्वाली ऐकायला आला आणि पुढच्या रविवारी तोच यमन ऐकायला बसला. कुणी त्याला यमन शिकवायचा म्हणून आणलं नव्हतं. त्याच्या आवडीला इथे मान मिळाला, म्हणून आमची आवड काय आहे हे पाहायला तो आपणहून आला. मान आधी द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं तर सतत कानावर पडतंच, त्याची बैठक कशाला भरवायची? माझा मुद्दा नेमका इथेच आहे. कानावर पडतं, पण त्याकडे कुणी कान देत नाही. ख्यालाच्या गायकाचे गुरू कोण, तालीम किती वर्षं, साथीला कोण होतं, पेटीवर कोण होतं, हे आपण घडाघडा सांगतो. आपल्या आवडत्या लावणीत ढोलकी कोणाची आहे, ते आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? भीमगीतांच्या कॅसेट चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, गावोगावच्या जत्रांत खपल्या. त्यांतल्या कित्येकांच्या वेष्टनावर वादकांची नावंच नाहीत. ते वादक आज म्हातारे आहेत. त्यांना विचारणारं कुणी गेलं नाही, तर ती नावं त्यांच्याबरोबर जातील.

हे याआधी घडून गेलं आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात वाद्यमेळ रचणाऱ्या गोव्याच्या कलावंतांचं काय झालं, ते आठवा. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. संगीतकारानं चाल द्यायची. व्हायोलिनचा ताफा कुठे उठेल, ट्रम्पेट कुठे येईल, मधल्या तुकड्यात चेलो काय म्हणेल, हे या माणसांनी कागदावर उतरवायचं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९५८ च्या सुमारास गोन्साल्विसांनी रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. तबकड्यांवर आणि पडद्यावर या लोकांची नावं क्वचितच आली. त्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास लिहिला तो ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानं, २००८ सालच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात. मुंबईत त्या काळी शास्त्रीय संगीताचे जाणते श्रोते हजारोंनी होते. ती गाणी ते ऐकत होते, गुणगुणत होते. वाद्यमेळ कुणाचा, हे विचारायला त्यांना काय हरकत होती?

आपल्याकडे वाट दाखवणारा माणूस झाला नाही, असंही नाही. डॉ. अशोक दा. रानडे स्वतः गायक, रागसंगीताचे पक्के अभ्यासक. त्यांनी संगीताच्या कोटी मांडल्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. ख्याल यातल्या एका कोटीत बसतो. बाकीच्या कोटींना त्यांनी खालची जागा दिली नाही. प्रत्येकीचं काम काय, तिचे निकष कोणते, हे मांडलं. लोकसंगीतावर लिहिलं, नाट्यसंगीतावर लिहिलं, हिंदी चित्रपटगीतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या व्याख्यानांना आपण गर्दी केली, पण त्यांची शिस्त बैठकीत आणली नाही.

ही शिस्त कशी दिसते, ते मी मिरजेत एका कारागिराच्या दुकानात पाहिलं. इथल्या सतारमेकरांची तंतुवाद्यं देशभर जातात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझा तानपुरा जवारीला दिला होता, म्हणून मी तिथे बसले होते. कारागीर कानस घेऊन घोडी घासत होते. दोन-चार हात फिरवले की तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. शेजारी मोबाइलवर कव्वाली चालू होती. मला वाटलं, एवढं नाजूक काम चालू असताना ते ती बंद करतील. त्यांनी कव्वाली थांबवली नाही, हात थांबवला. “ही पेटी ऐका,” ते म्हणाले, “षड्ज जुन्या ट्यूनिंगचा आहे, म्हणून गाणाऱ्याला वर जावं लागतंय, आणि बघा, तो गेलाय.” आम्ही दोघांनी तो तुकडा पुन्हा लावला. पेटीचा सूर थोडा चढा होता आणि गाणाऱ्यानं दुसऱ्या आवर्तनात गळा तिथे नेऊन ठेवला होता. मग त्यांनी शांतपणे कानस उचलली आणि माझ्या तानपुऱ्याचा पंचम बोलता केला. जवारी काढणारा आणि कव्वाली ऐकणारा कान त्यांच्यापाशी एकच होता. रसिकाचा कान असाच असावा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. महाराष्ट्रात गावोगावी संगीत मंडळं आहेत. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासून आहे, आणि त्यापासून प्रेरणा घेऊन किंवा स्वतंत्रपणे निघालेली लहान मंडळं तर तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांनी वर्षातल्या दोन बैठका फक्त ख्यालापलीकडच्या ऐकण्यासाठी ठेवाव्यात. प्रत्येकानं एकच गाणं आणावं, दहा मिनिटांच्या आतलं. लावण्याआधी गायक, कवी, संगीतकार, साथीदार आणि साल यांपैकी जे ठाऊक असेल ते सांगावं. नाही ते शोधून पुढच्या वेळी आणावं. गाणं चालू असताना बोलू नये. संपल्यावर आवडलं, नाही आवडलं एवढ्यावर थांबू नये. कोणती जागा पकडली, कोणती निसटली, ते दाखवावं. गरज पडली तर तो तुकडा तीनदा लावावा. गाण्याच्या क्लासमध्येही महिन्यातून एकदा हे व्हावं, आणि त्या दिवशी गाणं मुलांनी आणावं, गुरुजींनी ऐकावं.

ख्यालाचा मंच कुणाला द्या असं मी म्हणत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात रॅप ठेवा, असंही म्हणत नाही. फ्यूजनचा आग्रह तर मुळीच नाही. दोन गोष्टी एकत्र वाजवण्याआधी दोन्ही नीट ऐकलेल्या असाव्या लागतात, आणि ते काम अजून बाकी आहे. मी फक्त श्रोत्याबद्दल बोलते आहे. कलावंतानं काय गावं हा त्याचा प्रश्न आहे. आपण काय ऐकतो आणि त्याबद्दल काय बोलतो, हा आपला आहे.

आणि एक पाऊल पुढे टाकावं. अशा बैठकीला वर्षातून एकदा प्रत्यक्ष माणूस बोलवावा. तमाशाच्या फडात उभी हयात ढोलकी वाजवलेला एखादा वादक आपल्या जिल्ह्यात असतोच. भीमजयंतीला गाणारा शाहीर असतो. गोव्यात घुमटवाला असतो. त्यांना व्यासपीठावर बसवून त्यांचे गुरू कोण, हात कसा तयार झाला, कोणाकोणाला साथ केली, हे विचारावं आणि मंडळाच्या वहीत सालवार लिहून ठेवावं. ख्यालगायकाला जी बिदागी देतो तीच द्यावी, जो हार घालतो तोच घालावा, आणि पत्रिकेवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत, सर्वांत वर छापावं.